तिपाई आणि ओटा

मित्रांनो, मी एक जुनी घडीची तिपाई आहे. तीन काठ्या, त्यांना मधोमध धरून ठेवणारा एक लोखंडी बोल्ट आणि वर तंबूच्या खाकी कापडाची तिकोनी बैठक, एवढाच माझा संसार. उघडलं की तीन पाय पसरून उभी राहते, मिटलं की छत्रीसारखी काखेत मावते. दिसायला मी काही खास नाही, हे मला ठाऊक आहे. पण जबलपूर शहर मी जेवढं पाहिलं आहे, तेवढं मोठमोठ्या गाड्यांनीही पाहिलेलं नाही, आणि तेसुद्धा गुडघ्याच्या उंचीवरून. हे मी थोड्या तोऱ्यातच सांगते आहे. काय करणार, स्वभाव आहे माझा.

माझा जन्म गढ्यातला, म्हणजे जबलपूरच्या जुन्या वस्तीतला. तिथे तुळशीराम नावाच्या सुताराचं लहानसं दुकान होतं. एके दिवशी त्याच्याकडे एक तरुण गृहस्थ आले आणि म्हणाले, "मला अशी बैठक बनवून दे, जी कुठंही नेता येईल अन् कुणाच्या वाटेत येणार नाही." तुळशीरामने शिसवाच्या तीन काठ्या तासल्या, सदर बाजारातून तंबूच्या कापडाचा तुकडा आणून शिवला आणि मला त्यांच्या हाती दिलं. ते माझे मालक, मुरलीधरकाका.

काका संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. कारखान्यात काका दिवसभर नकाशे काढत, पण ते सगळे संध्याकाळी कुलपात जात. त्यात काय होतं, हे बायकोलाही सांगायची सोय नव्हती. म्हणून रविवारी त्यांना असं काहीतरी काढायचं असे, जे कुणालाही दाखवता येईल. त्यांनी घरं काढायला घेतली.

रविवारी सकाळी स्कूटरवर पायांशी मला ठेवायचं आणि निघायचं. सिविल लाइन्समधले खोल व्हरांड्यांचे बंगले, गोल बाजारातली जुनी दुकानं, रांझीकडची कामगारांची क्वार्टर्स, ग्वारीघाटावरच्या धर्मशाळा, गढ्याच्या बोळांतली कवेलूंची, म्हणजे कौलारू घरं. काका रस्त्याच्या कडेला मला उघडत, बसत आणि बराच वेळ नुसते बघत राहत. मग कुठे पेन्सिल बाहेर निघे. लोक भोवती जमत. आपलं घर कागदावर उतरलेलं पाहून एखादा म्हातारा हरखून जाई. "जे हमाओ घर है?" असं तो पुन्हा पुन्हा विचारी. काकांची मान डोले आणि माझं कापड अभिमानानं ताणलं जाई. कारण तारीफ चित्राची असली, तरी ते चित्र माझ्यावर बसून काढलेलं होतं ना!

त्या घरांतली माणसं ओट्यावरून आग्रह करत, "बाबूजी, चबूतरे पे आ जाइए, छाँव है." काका माझ्यावर थाप मारून म्हणत, "नहीं भैया, अपना स्टूल साथ में है." कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, हा त्यांचा बाणा होता. मला तो फार आवडे. भर उन्हात रस्त्यावर बसलेले काका आणि त्यांच्याखाली मी, यापेक्षा मोठा मान मला ठाऊक नव्हता.

पुढे काका निवृत्त झाले आणि काही वर्षांत त्यांचे पाय बिघडले. पायातल्या रक्तवाहिन्या आकसल्या आहेत, असं डॉक्टर म्हणाले. "थोडं चालायचं, दुखलं की बसायचं, थांबलं की परत चालायचं. पण चालणं सोडू नका." सांगायला सोपं, पण आजच्या शहरात माणसानं बसायचं कुठे? काका घराबाहेर पडायचेच बंद झाले. चार गल्ल्या सोडून मराठी मंडळाची इमारत होती. तरुणपणी तिथल्या गणपतीत त्यांनी मखरं केली होती, नाटकांचे पडदे रंगवले होते. तेवढं अंतरही त्यांना जाता येईना. कुणी गाडीतून नेतो म्हटलं, तर तो जुना बाणा आडवा येई. गणपतीच्या दिवसांत आरतीचा आवाज आला, की ते खिडकीशी जाऊन उभे राहत. प्रतिमाकाकू, म्हणजे त्यांची पत्नी, तेवढ्यापुरतं स्वयंपाकघरात काहीतरी काम काढत.

आणि माझं काय झालं? मला गच्चीत नेऊन माझ्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवली गेली. पाणी झिरपून माझं कापड कुजलं, बोल्ट गंजला. काकूंचा काही दोष नाही, त्यांना कुंडी ठेवायला काहीतरी हवं होतं. तरी मला फार वाईट वाटलं. मित्रांनो, ज्याचं काम संपलं त्याला कुंडीखाली ठेवणं सोपं असतं.

अशात एक दिवस प्रणोती आली. ही काकांच्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याला जाऊन वास्तुकला शिकून आली होती आणि तिनं इथे स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं होतं. मराठी मंडळाची इमारत पाडून नवी बांधायची होती आणि ते काम तिला मिळालं होतं. तिचं एकटीचं हे पहिलंच काम. आठवडेच्या आठवडे ती शहरभर फिरली होती. कुठली कमान सुंदर, कुठली जाळी नाजूक, कुठल्या खांबावर काय कोरलंय, हे सगळं फोनमध्ये टिपलं होतं. पण मंडळाच्या अध्यक्षांना, नीलकंठरावांना, यातलं काहीच नको होतं. त्यांना हवा होता पुण्याचा थाट. तसा नकाशा करून तिनं तो काकांपुढे गच्चीत पसरला. समोर उंच भिंत, दोन्ही टोकांना बुरूज आणि मध्ये शनिवारवाड्यासारखा भला मोठा दरवाजा.

"कसं वाटून राहिलं, काका?"

काका चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. "दरवाज्याला हे खिळे कशाचे गं?"

"पूर्वी असायचे न. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून."

"आपल्या गल्लीत हत्ती?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. प्रणोतीही हसली, पण तिचे कान लाल झाले. "नीलकंठकाकांना पाहिजेत. ते म्हणतात, रस्त्यानं जाणाऱ्याला समजलं पाहिजे की ही मराठी लोकांची वास्तू आहे."

नीलकंठराव उभ्या आयुष्यात पुण्यात मुक्कामाला राहिले नव्हते, आणि त्यांचे वडीलही नाही. पण परमुलखात वाढलेल्या मराठी माणसाला कधी कधी असा उमाळा येतो. काकांनी काही टीका केली नाही. त्यांनी समोरच्या भिंतीच्या रेघेवर बोट ठेवलं. "अच्छा. मी घरून निघालो, इथपर्यंत आलो. इथं पाय भरून आला. आता मी कुठं बसू?"

"आत खुर्च्या आहेत न, काका. भरपूर आहेत."

"आत पोचू तर दे मला."

पाय दुखत होता, म्हणून काकांनी विचारलं होतं. त्यांना मंडळात पुन्हा आपल्या पायांनी जायचं होतं, बाकी काही नको होतं. प्रणोतीनं कागद गुंडाळला. "चलो काका, तुम्ही चित्रं काढायला जायचे तिथंच जाऊ. गाडी मी चालवते. थोडं थोडं पायी फिरू." मग तिनं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्यावरची कुंडी उचलली. सदर बाजारात नेऊन तिनं मला नवं कापड शिवून घेतलं, बोल्टला तेल दिलं. माझा आनंद मी काय सांगू!

पहिल्यांदा आम्ही सिविल लाइन्सला गेलो. प्रणोती मान वर करून कमानी, झरोके, छपराच्या कडा बघत होती. काका मात्र खाली बघत होते, पाय कुठे टेकता येईल ते शोधत. लांबच लांब भिंती आणि बंद फाटकं. थोडं चाललं की काका थांबत, प्रणोती मला उघडे. एका बंगल्याच्या भिंतीशी ते टेकतात न टेकतात तोच पहारेकरी आला. "अंकल, यहाँ मत बैठिए. साहब की गाड़ी निकलेगी." काका दुखऱ्या पायानं उठले. पुढच्या खेपेला शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत गेलो. तिथे तर सावलीलाही जागा नव्हती. दिवसभर मी उघडत होते, मिटत होते. मला वाटलं, माझे जुने दिवस परत आले. घरी आल्यावर काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिकडे माझं लक्ष कुठे होतं?

मग गढ्याची पाळी आली. थंडीचे दिवस होते, बाजारात मटारचे ढीग लागले होते. गाडी बाहेर ठेवून आम्ही बोळात शिरलो. थोड्याच वेळात काकांचा पाय आखडला आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. एका जुन्या घरापुढे दगडी ओटा होता. त्यावर एक बाई मटार सोलत बसली होती.

"काए दादा, पाँव पिरा रहे? बैठ जाओ इतै," काकांच्या दुखऱ्या पायाकडे बघत, ओट्यावर जागा करत ती म्हणाली.

"नहीं बाई, स्टूल है साथ में," काका सवयीनं म्हणाले.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्टूल पे तो घरौ में बैठ लेते. इतनी दूर आए हो, बैठो."

काका क्षणभर घुटमळले आणि बसले. दुसऱ्याच्या ओट्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा बसले असावेत. पायाचं दुखणं थांबल्यावर पुढे निघालो. पुढे शिंप्याचा ओटा, मग किराणा दुकानाची पायरी, मग देवळाचा कट्टा. कुठेच कुणी हटकलं नाही. काका चालत होते, बसत होते, गप्पा मारत होते, परत चालत होते. सगळा बोळ फिरून झाला, तरी मला एकदाही उघडलं गेलं नाही. मित्रांनो, लपवून काय करू, मला राग आला. मला एवढं नटवून आणलं कशाला, असं वाटलं.

परतताना आम्ही पुन्हा त्याच बाईच्या ओट्यावर थांबलो. प्रणोतीनं फोन काढला. "काका, हे घर माझ्याजवळ आहे. मागे आली होती मी." फोटोत लाकडी तुळईवरचं कोरीव काम सुरेख दिसत होतं. खाली ओटा मात्र रिकामा होता.

"तेव्हा इथं कुणी नव्हतं?" काकांनी विचारलं.

"होत्या न, दोघीतिघी. मीच म्हटलं, ज़रा उठ जाइए, फोटो में आ रही हैं."

बोलता बोलता ती थांबली. तिनं मागचे फोटो बघायला सुरुवात केली. घरामागून घर, ओट्यामागून ओटा, सगळे रिकामे. प्रत्येक ठिकाणी तिनं माणसांना उठवलं होतं. तिनं फोन पालथा ठेवला.

"मी काय वेगळं केलं?" काका हळूच म्हणाले. "इतकी घरं काढली, अन् एकाही घरी टेकलो नाही. लोक बोलवून राहिले, अन् मी रस्त्यात स्टूल टाकून बसलो. काहून, तर म्हणे उपकार नको."

तेव्हा माझा राग विरला. त्या बोळात माझी गरज नव्हती, कारण तिथल्या घरांनी माझं काम आधीच करून ठेवलं होतं. सिविल लाइन्समध्ये मी उगाच फुशारले होते. तिथे मला पुन्हा पुन्हा उघडावं लागत होतं, ते काकांना दुसरा आसरा नव्हता म्हणून. हे कळलं तेव्हा मला जरा रडूच आलं.

प्रणोतीनं बाईची परवानगी घेतली आणि ओटा मोजायला टेप काढला. "काका, उठा. आता बसा. परत उठा." गुडघा कुठल्या उंचीवर दुखत नाही, पाठ कशाला टेकते, पाय कुठे राहतात, ते ती बघत होती. मटार सोलायचे सोडून बाई हसत होती.

काही दिवसांनी मंडळाची बैठक ठरली. तिथे प्रणोती नवा नकाशा मांडणार होती. काका म्हणाले, "मी येतो. पायी." संध्याकाळी ते मला घेऊन एकटेच निघाले. चार गल्ल्यांत किती वेळा मला उघडलं, ते विचारू नका. मंडळाच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा बैठक कधीच सुरू झाली होती आणि आत जायला उंच पायऱ्या होत्या. काकांनी मला गटाराच्या कडेला उघडलं आणि ते बसले. वरच्या खिडकीतून आवाज येत होते.

"दरवाजा कुठं गेला? बुरूज कुठं गेले?" हा नीलकंठरावांचा आवाज. "अन् रस्त्याकडे हा एवढा लांब ओटा, वर कवेलूंचं छप्पर, भिंत नाही, फाटक नाही! ऑटोवाले येऊन बसतील न. पत्ते खेळतील, गुटखा थुंकतील."

"बसतील, काका. बसायलाच केलाय तो."

"यात मराठी काय दिसून राहिलं, सांग मला. असं असेल तर आपण दुसरा कुणी पाहू."

प्रणोतीचं पहिलं काम हातचं जायची वेळ आली होती. काकांनी उठायचा प्रयत्न केला, पण पायानं साथ दिली नाही.

"मुरली येणार होता. त्यालाच विचारू," असं म्हणत नीलकंठराव खाली आले. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि थबकले. ज्याच्याबरोबर त्यांनी याच इमारतीत नाटकं केली होती, तो त्यांचा मित्र मंडळाच्या दारात, गटाराच्या काठी बसला होता. बाजूनं मोटारसायकली अंगावर धूळ उडवत जात होत्या.

"मुरली, काहून इथं बसला? आत ये न."

"येऊन राहिलो. पायाचं दुखणं थांबू दे जरा."

नीलकंठराव शेजारी उभे राहिले. त्यांचाही गुडघा धड नव्हता. थोड्या वेळानं ते फाटकाला धरून वाकले. काका म्हणाले, "तू बस." ते म्हणाले, "नाही, तूच बस." मी एक आणि म्हातारे दोन! माझ्या तीन पायांत जीव असता, तर मी आणखी लांब झाले असते.

समोर एक ऑटोवाला रिकामी गाडी लावून उभा होता. तो हाक मारून म्हणाला, "दादा, दोनों इधर आ जाओ. गाड़ी खाली खड़ी है, आराम से बैठो." आणि ते दोघे, एकमेकांना धरून, त्याच्या ऑटोत जाऊन बसले. आपल्याच मंडळाच्या दाराशी, दुसऱ्याच्या गाडीत. ऑटोवाला बाहेर उभा राहून चहा पीत होता.

शेवटी नीलकंठराव उतरले. खिडकीखाली जाऊन त्यांनी वर हाक मारली. "प्रणोती! ओटा केवढा लांब म्हटला तू?"

"समोरची पूर्ण बाजू, काका."

"ठीक आहे. कर. गुटख्याचं मी पाहून घेईन."

काम सुरू झालं. काकांची तब्येत खालावत चालली होती, हे प्रणोतीला दिसत होतं. जोतं भरून झाल्याबरोबर तिनं मिस्त्रींना आधी ओट्याचे दगड बसवायला सांगितले. असं कुणी करत नाही, भिंती झाल्यावर हे काम निघतं. मिस्त्री कुरकुरले, पण दगड बसले. मदनमहालच्या टेकडीकडचा तो करडा दगड होता. एका सकाळी काका चालत चालत आले. वाटेत माझी मदत लागली, पण तिथे पोचल्यावर ते सरळ ओट्यावर बसले. मागे नुसते उभे खांब होते आणि वर मोकळं आभाळ. काका दगडावरून हात फिरवत रस्त्याकडे बघत होते. जाणारायेणारा हात करी, तेही करत. ऊन चढल्यावर प्रणोती म्हणाली, "चला, काका."

"तू जा. हिलाही घेऊन जा घरी. मी बसतो अजून थोडा. मला ऑटोवाला सोडेल."

बाहेर पडल्यावर त्यांनी मला स्वतःपासून दूर पाठवलं, असं आधी कधीच झालं नव्हतं. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. त्यानंतर पायानं आणि मग हृदयानंही दगा दिला. थोड्याच दिवसांत काका गेले. माझ्या कापडावर त्यांचं वजन आता कधी पडणार नाही.

गणपतीला नवी इमारत सुरू झाली. प्रतिमाकाकू मला काखेत घेऊन, एकट्या चालत आल्या. त्यांनी मला मिटलेलीच बाजूला टेकवलं आणि त्या ओट्यावर बसल्या. आतून आरती ऐकू येत होती. नीलकंठराव येरझाऱ्या घालत ऑटोवाल्यांना, थोरल्या भावाला म्हणावं तसं 'बड्डे' म्हणत, सांगत होते, "बैठो बड्डे, मगर थूकना नहीं, हाँ!" रस्त्यावरून एक अनोळखी बाई डोक्यावर बोजा घेऊन चालली होती. तिनं संकोचत विचारलं, "अम्मा, तनिक बैठ जाएँ?"

काकूंनी डोळे पुसले आणि सरकून तिला जागा दिली.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, घरं बांधाल. सुंदर कमानी करा, जाळ्या कोरा, जरूर करा. पण रस्त्याच्या बाजूला एक ओटा ठेवा, आणि कुणी थकलेला आला, तर थोडं सरकून बसा. माझी एवढीच मागणी आहे.